टोकाच्या पंपापर्यंत विजेचा दाब
(ब्रह्मपुरीच्या धानशेतीपासून राष्ट्रीय ग्रिडपर्यंत रिॲक्टिव्ह पॉवरचा अभ्यास)

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत शेतीचे सारे गणित पाण्याभोवती फिरते. ब्रह्मपुरी तालुक्यातील धानाच्या बांध्यांना पूर्वी माजी मालगुजारी तलावांचा व बोड्यांचा आधार होता. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसविण्यात आली, आणि कालांतराने त्याचा उजवा कालवा या भागात आला. तथापि कालव्याचे पाणी प्रत्येक बांधीपर्यंत आपोआप चढत नाही. पावसाने ओढ दिली किंवा उन्हाळी धान घ्यावयाचे झाले, तर विहीर, नाला अथवा नदीवरील विद्युतपंपावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी पंपापर्यंत वीज पोहोचणे जितके अगत्याचे, तितकेच ती योग्य दाबाने पोहोचणेही अगत्याचे असते.

चंद्रपूर जिल्हा हा राज्याला वीज पुरविणारा जिल्हा आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रातील पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. जुने दोन संच निवृत्त होऊन नवे दोन संच आल्यानंतर या केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट झाली. असे असूनही त्याच जिल्ह्यातील एखाद्या लांबच्या फिडरवर, टोकाच्या पंपाशी, व्होल्टमीटरचा काटा खाली घसरलेला आढळतो. मोटार गुरगुरते, पाणी कमी फेकते, तापते आणि ऐन रोवणीच्या दिवसांत जळते. रिवायंडिंगचा खर्च आणि वाया गेलेले दिवस या दोन्हींचा भार कास्तकारावर पडतो. वीजकेंद्र जिल्ह्यातच असताना दाब का पडावा, हा ग्रामसभेत वारंवार विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर विजेच्या एका कमी परिचित अंगात दडलेले आहे. त्या अंगाला अभियंते रिॲक्टिव्ह पॉवर म्हणतात. मराठीत तिला प्रतिघाती शक्ती म्हणता येईल.

काम करणारी वीज आणि ये-जा करणारी वीज

पंपाची मोटार विजेकडून दोन गोष्टी मागते. पहिली म्हणजे पाणी उचलण्याची प्रत्यक्ष शक्ती. ती किलोवॅटमध्ये मोजली जाते, ती खर्ची पडते आणि तिचेच पाणी होते. दुसरी मागणी मोटारीतील चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी असते. आपल्याकडील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो. प्रत्येक आवर्तनात हे क्षेत्र उभे राहते आणि मावळते. उभे राहताना ते तारेतून ऊर्जा घेते व मावळताना ती परत करते. एका फेजपुरते पाहिले तर ही देवघेव सेकंदाला शंभर वेळा होते. या ये-जा करणाऱ्या शक्तीस रिॲक्टिव्ह पॉवर म्हणतात. ती किलोव्हार या एककात मोजतात.

ही शक्ती खर्ची पडत नाही, मग तिची चिंता कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु ती ये-जा करते ती त्याच तारांतून, त्याच रोहित्रातून. तिच्यामुळे तारेतील प्रवाह वाढतो, तारा तापतात आणि दाब पडतो. कालव्याच्या दृष्टान्ताने ही गोष्ट काहीशी उमगते. कालव्यात एका ठराविक पातळीपर्यंत पाणी भरलेले असल्याशिवाय शेवटच्या चारीत पाणी शिरत नाही. पातळी राखणारे ते पाणी कोणत्याही बांधीत जात नाही, पण त्याच्यावाचून बांधीही भिजत नाही. विजेच्या जाळ्यात दाबाची पातळी राखण्याचे हे काम रिॲक्टिव्ह पॉवर करते. मात्र कालव्यातील पाणी उभे असते आणि ही शक्ती सतत ये-जा करीत असते, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

प्रत्यक्ष कामाची शक्ती आणि तारेवर पडणारा एकूण भार यांच्या गुणोत्तरास पॉवर फॅक्टर म्हणतात. तो १ असला तर तारेवरील सर्व भार कामाचा असतो. ०.७५ असला तर तारेवर १०० एकक भार टाकून ७५ एककांचेच काम होते.

एका पंपाचे गणित

पाच अश्वशक्तीच्या पंपाचे उदाहरण घेऊ. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ती तारेतून सुमारे ४.६६ किलोवॅट घेते. पॉवर फॅक्टर ०.७५ असल्यास तिला त्याशिवाय सुमारे ४.१ किलोव्हार रिॲक्टिव्ह पॉवर लागते, आणि ४१५ व्होल्ट दाबावर प्रत्येक तारेतून सुमारे ८.६ ॲम्पिअर प्रवाह वाहतो. या मोटारीला २ किलोव्हारचा कॅपॅसिटर जोडला, तर पॉवर फॅक्टर सुमारे ०.९१ होतो व प्रवाह ७.१ ॲम्पिअरवर येतो. तारेतील उष्णतेचा नाश प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने तो जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. मोटारीचे काम मात्र तेवढेच राहते.

कॅपॅसिटर वीज निर्माण करीत नाही. मोटार ज्या क्षणी ऊर्जा परत करते त्या क्षणी तो ती घेतो, आणि मोटारीला ती हवी असते त्या क्षणी तो ती देतो. जी देवघेव दूरच्या केंद्राशी चालली असती ती पंपाच्या खोपीतच मिटते.

आता याच तत्त्वावर संपूर्ण फिडरचा विचार करू. जंगलपट्ट्यात गावे विरळ असल्याने ११ किलोव्होल्टची लाइन लांबवर न्यावी लागते. समजा, अशी एक लाइन १५ किलोमीटर लांब आहे, तिचा एकूण रोध ९ ओहम व प्रतिघात ५.२५ ओहम आहे आणि टोकाला १,००० किलोवॅटचा पंपांचा भार आहे. पॉवर फॅक्टर ०.७५ असता टोकाशी दाब सुमारे १,२४० व्होल्टने, म्हणजे ११ टक्क्यांहून अधिक पडतो, आणि लाइनमध्ये सुमारे १३२ किलोवॅट वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पॉवर फॅक्टर ०.९५ केल्यास दाबाची घट ९७५ व्होल्टवर येते, आणि नाश ८२ किलोवॅटवर. कोणतीही नवी लाइन न टाकता ५० किलोवॅट वाचले.

या गणितातच कॅपॅसिटरची मर्यादाही दिसते. पॉवर फॅक्टर पूर्ण १ केला तरी सुमारे ८२० व्होल्टची घट उरतेच, कारण ती तारेच्या रोधामुळे व प्रत्यक्ष भारामुळे होते. तिच्यावर उपाय म्हणजे जाड तार, जवळ उपकेंद्र किंवा जवळच वीजनिर्मिती. कॅपॅसिटर बसविला म्हणजे सारे प्रश्न सुटले, असे सांगणे ग्रामस्थांची दिशाभूल करणारे ठरेल. तो बसविलाच नाही, तर इतर उपायांवरील खर्चाचा मोठा भाग वाया जातो, हेही तितकेच खरे.

दूरची वीज येते, दूरचा दाब येत नाही

प्रत्यक्ष शक्ती शेकडो किलोमीटर नेता येते. चंद्रपूर ते मुंबईजवळील पडघे ही ५०० किलोव्होल्टची उच्चदाब एकदिश लाइन १९९९ मध्ये सुरू झाली. ७५२ किलोमीटर लांबीच्या या लाइनवरून १,५०० मेगावॅट वीज नेण्याची सोय आहे. रिॲक्टिव्ह पॉवर मात्र अशी दूर जात नाही. प्रत्यावर्ती लाइनवरून ती लांब पाठवू गेल्यास लाइनचा प्रतिघातच तिचा मोठा भाग गिळून टाकतो आणि वाटेत दाब पडतो. म्हणून ती जेथे हवी तेथे, त्या परिसरातच उपलब्ध करून द्यावी लागते. चंद्रपूरच्या केंद्रातून ब्रह्मपुरीपर्यंतचे अंतर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. वीज तेथून येऊ शकते. पण टोकाच्या पंपाचा दाब तेथील संच सावरू शकत नाहीत. ग्रामसभेतील प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

या एकदिश लाइनचा आणखी एक धडा आहे. तारेतून जाणाऱ्या एकदिश प्रवाहाला रिॲक्टिव्ह पॉवर लागत नाही. पण दोन्ही टोकांच्या रूपांतरक केंद्रांना ती विपुल लागते. या जातीचे रूपांतरक वाहून नेलेल्या शक्तीच्या निम्म्याहून थोडी अधिक रिॲक्टिव्ह पॉवर घेतात. १,५०० मेगावॅटसाठी ती ७५० मेगाव्हारच्या घरात जाते. ती पुरविण्यासाठी केंद्रातच कॅपॅसिटर व फिल्टरचे मोठे संच बसविलेले असतात. आता कल्पना करावी की काही बिघाडाने लाइन क्षणात बंद पडली. रूपांतरकांची मागणी शून्यावर येते, कॅपॅसिटर मात्र जोडलेलेच राहतात. त्या क्षणी दाब पडण्याऐवजी उसळी मारतो. म्हणून हे संच टप्प्याटप्प्याने व अत्यंत वेगाने सोडविणारी नियंत्रणव्यवस्था तेथे आवश्यक असते. भद्रावती येथील १,००० मेगावॅटच्या केंद्रासही हेच तत्त्व लागू पडते. पश्चिम व दक्षिण विभागांची ग्रिड वेगवेगळ्या लयीत चालत असताना त्यांना जोडणारा तो एक दुवा होता. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ किलोव्होल्ट लाइनद्वारे दक्षिण ग्रिड उर्वरित देशाशी एकलय झाले.

रात्री भार उतरला म्हणजे चित्र पालटते. ४०० किलोव्होल्टची लांब लाइन स्वतःच मोठ्या कॅपॅसिटरसारखी वागते आणि दर १०० किलोमीटरमागे सुमारे ५० ते ६० मेगाव्हार रिॲक्टिव्ह पॉवर निर्माण करते. भार कमी असता ती नकोशी होते व दाब चढतो. तेव्हा ती शोषून घेणारे रिॲक्टर जोडावे लागतात. ४०० किलोव्होल्टच्या जाळ्यात दाब ३८० ते ४२० किलोव्होल्टच्या दरम्यान राखावा, असा ग्रिड संहितेचा दंडक आहे. गावातील कमी दाबाच्या पुरवठ्यात ६ टक्क्यांपेक्षा अधिक फरक पडू नये, असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांत म्हटले होते, व पुढेही हाच मापदंड चालत आला. दाब कमी होणे जसे वाईट, तसे तो चढणेही वाईट, हे या दोन्ही दंडकांमागील सूत्र आहे.

दाब कोसळतो कसा

दाब थोडा पडला म्हणजे थोडे नुकसान, असा साधा हिशेब येथे चालत नाही. दाब २० टक्के पडला, तर मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे घटून ६४ टक्क्यांवर येतो. ठरलेले काम उरकण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते. वाढलेल्या प्रवाहाने दाब आणखी पडतो. याच वेळी कॅपॅसिटरची शक्तीही दाबाच्या वर्गाप्रमाणे ६४ टक्क्यांवर उतरते. गरज वाढते तेव्हाच मदत आटते. वीजकेंद्रातील संचही ठराविक मर्यादेपलीकडे रिॲक्टिव्ह पॉवर देऊ शकत नाहीत. अशी एकावर एक कारणे साचली, की काही मिनिटांत संपूर्ण विभागाचा दाब कोसळू शकतो.

जपानमध्ये २३ जुलै १९८७ रोजी हेच घडले. कडक उन्हाळ्यात दुपारच्या जेवणाच्या सुटीनंतर टोकियोतील भार झपाट्याने वाढू लागला. उपलब्ध कॅपॅसिटर जोडले गेले, तरी दाब पडत राहिला आणि सुमारे ८,००० मेगावॅटचा पुरवठा खंडित झाला. दाब पडला तरी मागणी कमी न करणाऱ्या नव्या वातानुकूलन यंत्रांनी ही घसरण वाढविली, असे अभ्यासातून दिसून आले. उलट दिशेचे उदाहरण २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन व पोर्तुगाल येथे घडले. तेथे दाब चढत गेला, चढलेल्या दाबामुळे एकामागून एक वीजकेंद्रे सुटत गेली आणि दोन्ही देश अंधारात गेले. अनेक अपारंपरिक वीजकेंद्रे ठराविक पॉवर फॅक्टरवर चालत होती व दाब सावरण्यात भाग घेत नव्हती, ही बाब चौकशीत पुढे आली.

भारतात ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटांसाठी घरोघरचे दिवे मालविण्यात आले, तेव्हा देशाचा भार थोड्याच वेळात सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरला व पुन्हा चढला. जलविद्युत संचांनी भाराचा तोल राखला, आणि रिॲक्टर जोडून व इतर पूर्वयोजित उपायांनी चढता दाब काबूत ठेवण्यात आला. पूर्वतयारी असल्यास अनपेक्षित वाटणारा प्रसंगही निभावता येतो, हा त्या रात्रीचा बोध होय.

भरपाईची साधने

रिॲक्टिव्ह पॉवरची भरपाई करणाऱ्या साधनांच्या स्थूलमानाने चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी कायम जोडलेल्या कॅपॅसिटरची. तो स्वस्त व टिकाऊ आहे, पण भार उतरला तरी आपले काम चालूच ठेवतो. दुसरी पायरी गरजेनुसार गट जोडणाऱ्या व सोडविणाऱ्या स्वयंचलित पॅनेलची. उपकेंद्रांत व कारखान्यांत ती आढळतात. तिसरी पायरी थायरिस्टर या अर्धवाहक साधनावर चालणाऱ्या स्टॅटिक व्हार कॉम्पेन्सेटरची. तो कॅपॅसिटर व रिॲक्टर यांचे प्रमाण एका-दोन आवर्तनांत बदलू शकतो. चौथी पायरी स्टॅटकॉम या साधनाची. त्यात अर्धवाहक स्विचांच्या साहाय्याने हवा तसा प्रवाह घडविला जातो, आणि तेच यंत्र रिॲक्टिव्ह पॉवर देऊही शकते व घेऊही शकते. दाब ८० टक्क्यांवर आला तर कॅपॅसिटर ६४ टक्के शक्ती देतो. स्टॅटकॉम मात्र ८० टक्के देतो. संकटकाळी हा फरक निर्णायक ठरतो. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर व सोलापूर येथील पॉवरग्रिडच्या उपकेंद्रांत ३०० मेगाव्हारपर्यंत शक्ती देणारे व तितकीच शोषणारे स्टॅटकॉम बसविण्यात आले आहेत.

चंद्रपूर परिसरातील फेरोमिश्रधातू, पोलाद व कागद उद्योगांच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. विद्युतभट्टीचा भार क्षणाक्षणाला बदलतो आणि त्याबरोबर आसपासचा दाबही हेलकावतो. उच्चदाब ग्राहकांना राज्यात १ एप्रिल २०२० पासून किलोव्होल्ट-ॲम्पिअर-तासांवर आकारणी लागू झाली. त्यामुळे खराब पॉवर फॅक्टरचा भुर्दंड थेट बिलात दिसू लागला. कृषिपंपांबाबत मात्र असा प्रत्यक्ष धाक वा लाभ नाही. तेथे समजुतीनेच काम व्हावयास हवे.

खंबीर नियंत्रण म्हणजे काय

साधन कितीही वेगवान असले, तरी केव्हा किती शक्ती द्यावयाची हे ठरविणारा नियंत्रक योग्य नसेल तर तेच साधन अपायकारक ठरते. येथून या विषयाचा कठीण, पण महत्त्वाचा भाग सुरू होतो.

नियंत्रकाचे काम वरकरणी सोपे आहे. दाब मोजावा, अपेक्षित दाबाशी ताडून पाहावा आणि जितका फरक तितकी भरपाई करावी. अडचण अशी, की एकाच भरपाईचा परिणाम प्रत्येक वेळी सारखा नसतो. एखाद्या उपकेंद्राची लघुमंडल क्षमता, म्हणजे तेथील ग्रिडचे बळ, १०,००० एमव्हीए असेल, तर १०० मेगाव्हार दिल्याने दाब सुमारे १ टक्क्याने चढतो. वादळात दोन लाइन पडल्या आणि ते बळ ४,००० एमव्हीएवर आले, तर त्याच १०० मेगाव्हारने दाब अडीच टक्क्यांनी चढतो. बळकट ग्रिडसाठी चपळ केलेला नियंत्रक दुबळ्या ग्रिडवर अतिरेक करतो. दाब गरजेपेक्षा जास्त चढवितो, मग घाबरून खाली ओढतो, पुन्हा चढवितो. मोजमापातील सूक्ष्म विलंबाने ही आंदोलने वाढत जातात, आणि ग्रिड सर्वाधिक अडचणीत असते त्याच घटकेला नियंत्रक त्यात भर घालतो.

रुंद मुख्य कालव्यावर हात बसलेल्या पाटकऱ्याला अरुंद चारीच्या दारावर नेऊन बसविले, तर हाच अनुभव येईल. मुख्य कालव्यावर वीतभर दार उचलल्याने पातळीत बोटभर फरक पडत असे; चारीवर तेवढ्यानेच बांध फुटेल. शहाणा पाटकरी दार थोडे उचलतो, पाण्याची चाल पाहतो आणि मगच पुढची हालचाल करतो. कोणत्याही चारीवर बांध फुटू नये असा हात त्याने बसवून घेतलेला असतो.

नियंत्रणशास्त्रात या शहाणपणास खंबीर नियंत्रण असे म्हणता येईल. रशियन गणिती खारितोनोव यांनी १९७८ मध्ये एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. प्रणालीच्या समीकरणातील गुणक निश्चित ठाऊक नसून केवळ त्यांच्या मर्यादा ठाऊक असतील, तरी चार टोकांची समीकरणे तपासून त्या सर्व शक्यतांची स्थिरता ठरविता येते, हे त्यांनी दाखविले. १९८१ मध्ये जॉर्ज झेम्स यांनी सर्वांत वाईट परिस्थितीतील बिघाड कमीतकमी राहील, अशा रीतीने नियंत्रक घडविण्याची गणिती चौकट पुढे आणली. दोहोंमागील विचार एकच आहे. प्रणालीचे एकच चित्र खरे मानून त्यासाठी उत्तमोत्तम नियंत्रक करण्यापेक्षा, ती ज्या ज्या रूपांत समोर येऊ शकेल त्या सर्वांत पुरेसा ठरेल असा नियंत्रक करावा.

भरपाईच्या साधनांना हा विचार लावताना अभियंते प्रथम शक्य त्या परिस्थितींची यादी करतात : उन्हाळी धानाच्या हंगामातील दुपारचा भार, पावसाळी मध्यरात्रीचा अल्प भार, एक लाइन बंद, दोन लाइन बंद, मोठा संच बंद, शेजारचे दुसरे साधन बंद. या प्रत्येकीत नियंत्रक स्थिर राहतो की नाही हे तपासून त्याचा वेग ठरवितात. दाब अगदी एका बिंदूवर धरून न ठेवता, भरपाई वाढेल तसा तो काही टक्क्यांनी ढळू दिला जातो. त्यामुळे शेजारची दोन साधने एकमेकांशी झुंजत नाहीत, भार वाटून घेतात. आंदोलने सुरू झाल्याचे ओळखून स्वतःचा जोर आपोआप कमी करणारी देखरेखही नियंत्रकात ठेवली जाते. दाब मोजणारे उपकरणच बिघडले तर काय करावयाचे, हेही आधी ठरविलेले असते. नित्याचा भार स्वस्त कॅपॅसिटर गटांवर सोपवून वेगवान साधन शक्य तितके मोकळे ठेवतात, म्हणजे अपघाताच्या घटकेस त्याची पूर्ण शक्ती हाताशी राहते. या साऱ्याची किंमत म्हणून शांत दिवशी थोडी कमी चपळाई पत्करावी लागते. वादळाच्या रात्री ती किंमत वसूल होते.

ऑटो स्विचचा प्रश्न

गावपातळीवर याच तत्त्वाचे एक रोजचे उदाहरण आहे. अनेक कृषिपंपांना ऑटो स्विच बसविलेला असतो. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह घेते, तोही अत्यंत कमी पॉवर फॅक्टरवर. पुरवठा आल्याबरोबर एका रोहित्रावरील सारे पंप एकाच क्षणी उठले, तर दाब कोसळतो. एकही मोटार धड वेग घेऊ शकत नाही, फ्यूज उडतो किंवा रोहित्रच जळते. ते बदलून येईपर्यंत अख्ख्या शिवाराचे पाणी बंद राहते.

यात केवळ कास्तकाराला दोष देणे न्यायाचे नाही. शेतीचा थ्रीफेज पुरवठा अनेक ठिकाणी दिवसा व रात्री आळीपाळीने देण्याची पद्धत पडली. ब्रह्मपुरीच्या जंगलालगतच्या गावांत वाघांचा वावर आहे. मध्यरात्री वीज आल्यावर पंप सुरू करण्यासाठी शिवारात जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. ऑटो स्विच ही त्या भीतीतून निघालेली वाट आहे. स्विच काढण्याचा उपदेश करण्यापूर्वी दिवसा वीज देण्याची तजवीज झाली, तर तो उपदेश मानला जाईल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून कृषी फिडरना दिवसा वीज देणे हा तिचा हेतू आहे. दिवसाच्या विजेने कास्तकाराची रात्रीची फेरी वाचते, शिवाय निर्मिती भाराजवळ आल्याने तारेच्या रोधामुळे पडणारा दाबही काहीसा सावरतो. सौर प्रकल्पातील इन्व्हर्टर हे रिॲक्टिव्ह पॉवर देण्या-घेण्यास समर्थ असतात. त्यांच्याकडून ते काम योग्य नियंत्रणाखाली करून घेतले पाहिजे, हा स्पेनमधील घटनेचा धडा येथेही लागू आहे. तोवर ज्यांना ऑटो स्विच ठेवणे भाग आहे, त्यांनी प्रत्येक पंपाला वेगवेगळा विलंब ठेवणारा टायमर बसविला, तर सारे पंप एकदम उठणार नाहीत.

गावपातळीवर काय करता येईल

पंचायत सदस्यांनी प्रत्येक रोहित्रावरील पंपांची यादी करून त्यांपैकी किती पंपांना चालू स्थितीतील कॅपॅसिटर आहेत, हे हंगामापूर्वी पाहावे. बसविलेला कॅपॅसिटर कालांतराने निकामी होतो किंवा मोटार दुरुस्तीच्या वेळी सोडून ठेवला जातो, असा अनुभव आहे. कॅपॅसिटर भारतीय मानक चिन्हाचा व मोटारीच्या क्षमतेस साजेसा असावा. तो स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूस जोडावा, म्हणजे मोटार बंद होताच तोही बंद होतो. अधिक मोठा कॅपॅसिटर अधिक चांगला, ही समजूत चुकीची आहे. मोटारीला रिकामी फिरताना लागणाऱ्या रिॲक्टिव्ह पॉवरपेक्षा तो मोठा असल्यास वीज गेल्यावर मोटारीच्या टोकांशी धोकादायक दाब निर्माण होऊ शकतो. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. पुरवठा बंद केल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठलेली असते, म्हणून त्याला लगेच हात लावू नये.

अधिकाऱ्यांनी टोकाच्या रोहित्रावरील दाबाच्या नोंदी हंगामभर, दिवसातील वेगवेगळ्या वेळी घेतल्या, तर कोठे कॅपॅसिटर पुरेल, कोठे लाइन बदलावी लागेल आणि कोठे नव्या उपकेंद्राची गरज आहे, याचा निवाडा आकड्यांवर करता येईल. नव्या सौर प्रकल्पांना मंजुरी देताना रिॲक्टिव्ह पॉवरविषयीच्या अटी कागदावर न राहता प्रत्यक्षात पाळल्या जातात की नाही, हे तपासणेही त्यांच्याच हाती आहे.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज नेता येईल. मोटारीवरील पट्टीवर अश्वशक्ती, व्होल्ट, ॲम्पिअर व कार्यक्षमता दिलेली असते. तेवढ्यावरून विद्यार्थ्यांना पॉवर फॅक्टर काढावयास सांगावे, आणि तो सुधारल्यास प्रवाह किती उतरेल हे काटकोन त्रिकोणाच्या साहाय्याने मांडून दाखवावे. किलोवॅट हा पाया, किलोव्हार ही उंची आणि केव्हीए हा कर्ण. पायथागोरसचा सिद्धान्त गावच्या पंपाला असा उपयोगी पडतो, हे मुलांना कळले म्हणजे ती घरी जाऊन वडिलांना कॅपॅसिटरविषयी विचारतील. जिवंत तारांवरील कोणताही प्रयोग मात्र शाळेत करू नये.

ग्रिडचे नियंत्रण करणारा अभियंता आणि आपल्या पंपाचा कॅपॅसिटर सांभाळणारा कास्तकार यांची कामे एकाच साखळीतील आहेत. रिॲक्टिव्ह पॉवर दुरून मागविता येत नाही. म्हणून पंपावर, फिडरवर, उपकेंद्रात आणि ग्रिडमध्ये प्रत्येकाने आपापल्या जागी तिची तजवीज करणे क्रमप्राप्त आहे. ही तजवीज हंगामापूर्वी झाली, तर रोवणीच्या दिवसांत टोकाच्या बांधीलाही वेळेवर पाणी मिळेल.